पोऱ्याची वही आणि दोन एकर केळी

नमस्कार आप्पा,

तुमचं चार पानी पत्र आणि सोबतचा वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही मिळालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आप्पांची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे, मुलगा अकरावी सायन्सला. मागच्या हिवाळ्यात तो मामाकडे जळगावला गेला होता, तेव्हा विमानतळाच्या कुंपणाबाहेरून त्याला एक पांढरं खासगी जेट उतरताना दिसलं. तेव्हापासून वहीची मागची पानं गल्फस्ट्रीम, ग्लोबल एक्सप्रेस, फाल्कन असल्या नावांनी भरायला लागली, आणि आता तो म्हणतो, पायलटच व्हायचं. आप्पांचे प्रश्न दोन: हे खूळ काढायचं कसं, आणि खूळ नसेल तर दोन एकर विकायचं का?

जमिनीचं आधी सांगतो. विकू नका. का, ते तुम्ही पाठवलेल्या पानावरच आहे.

पानावर पोऱ्याने गल्फस्ट्रीम फाइव्हचा पल्ला, म्हणजे एकदा इंधन भरून न थांबता जाण्याचं अंतर, लिहिलाय, 6,500 मैल. खाली 1.6 ने गुणाकार, उत्तर 10,400 किलोमीटर. त्याखाली वेगळ्या शाईत: ‘पण सगळीकडे 12,000 लिहिलंय. 1,600 कुठे गेले?’ प्रश्नचिन्हावरून पेन इतक्यांदा फिरवलाय की कागद फाटायला आलाय. सरांना विचारलं तर ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. त्याला सांगा, विमानवाले सागरी मैलात मोजतात आणि एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. 6,500 गुणिले 1.852 म्हणजे 12,038. हिशेब जुळला.

आप्पा, माझ्याकडे पायलट व्हायचंय म्हणून येणारी बहुतेक मुलं गॉगल, युनिफॉर्म आणि पगाराचं विचारतात. सोळाशे किलोमीटर हरवले म्हणून झोप उडालेला हा पहिलाच. त्याला आकाशापेक्षा यंत्राची ओढ जास्त दिसते. माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून त्याच्याशी याच विषयावर बोला. बोलण्यापुरतं भांडवल मी देतो.

गल्फस्ट्रीमचं पहिलं विमान 1958 साली उडालं. ग्रमन कंपनीचं होतं आणि जेट नव्हतंच, पुढे फिरणारे पंखे होते त्याला. 1963 मध्ये लिअरजेट आलं आणि श्रीमंतांना छोट्या, चपळ जेटची चटक लागली. गल्फस्ट्रीमचं जेट 1966 चं. पण तेव्हा मुंबईहून न्यूयॉर्क गाठायचं तर वाटेत कुठेतरी उतरून इंधन भरणं आलंच. नव्वदच्या दशकात मात्र चढाओढ लागली. गल्फस्ट्रीम फाइव्ह 28 नोव्हेंबर 1995 ला उडालं, कॅनडाच्या बॉम्बार्डियरचं ग्लोबल एक्सप्रेस 13 ऑक्टोबर 1996 ला. पुढे 2003 मध्ये गल्फस्ट्रीमचंच जी-550 आलं, पल्ला 6,750 सागरी मैल. 2012 मध्ये जी-650 ला परवानगी मिळाली, पल्ला 7,000 सागरी मैल, म्हणजे जवळपास तेरा हजार किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या आसपास आहे.

हा पल्ला येतो कुठून? जी-550 पूर्ण भरलं की त्याचं वजन 41 टनांच्या थोडं वर जातं आणि त्यातले जवळपास पावणेएकोणीस टन नुसतं इंधन असतं. सावद्याहून दिल्लीला निघालेल्या केळीच्या ट्रकच्या वजनात निम्म्याच्या जवळपास डिझेलच असावं, तशातला प्रकार. आणि एवढं करून न्यायची माणसं किती, तर आठ! (तुमचा हिशेबी स्वभाव पत्रातून कळला, म्हणून मुद्दाम सांगितलं.) मग ते उंच जातं, कारण वर हवा विरळ, विरोध कमी. कमाल उंची 51,000 फूट. पण भरल्या पोटी तिथवर चढता येत नाही. इंधन जळेल, अंग हलकं होईल, तसं टप्प्याटप्प्याने वर सरकतं.

आता खरी गंमत. 51,000 फुटांवर बाहेर श्वास घेणं अशक्य, पण केबिनमध्ये दाब राखलेला असतो 6,000 फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडा वरचा. दर उड्डाणाला आतल्या दाबाने विमानाचं अंग फुग्यासारखं ताणलं जातं, उतरलं की सैल होतं. हजारो वेळा असं झालं की धातूत केसाएवढी भेग पडू शकते. ती वेळेत शोधणारा, इंजिन उघडून पाहणारा आणि शेवटी ‘उडायला योग्य’ म्हणून सही करणारा माणूस म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर. त्याची सही नसेल तर मालक कितीही मोठा असो, विमान जागचं हलत नाही. तुमच्या पोऱ्याला मी या खुर्चीवर बघतो.

बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. मग डीजीसीएची (नागरी विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची) मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षं वर्गातलं शिक्षण आणि दोन वर्षं प्रत्यक्ष काम. सोबत लायसन्ससाठी डीजीसीएचे पेपर. जेट इंजिन आणि विमानाचा सांगाडा हवा असेल तर लायसन्सचा बी-1.1 गट, वायरिंग आणि कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक्स हवी असेल तर बी-2. त्यानंतर ज्या जातीच्या विमानावर सही करायची, त्याचं वेगळं प्रशिक्षण.

इथे एक काळजी घ्या. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा बोर्ड बघून एका संस्थेत गेला. वर्ष संपल्यावर कळलं की मान्यता मुदत संपून पडलेली. मी त्याला आधी यादी तपासायला सांगितलं नाही, ही चूक माझी. म्हणून तुम्ही फी भरण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर सीएआर-147 ची यादी (या नियमाखाली मान्यता मिळालेल्या संस्थांची) स्वतः बघा आणि संस्थेला एकच विचारा: दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम कुठल्या हँगरमध्ये (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये), ते लेखी द्या.

मार्क चांगले पडले तर जेईई देऊन एरोस्पेस किंवा साधं मेकॅनिकल इंजिनियरिंगही वाईट नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन विमानांच्या भागांचं काम आधीपासून चालतं, आणि जून 2025 मध्ये फाल्कन बनवणाऱ्या फ्रान्सच्या दसॉ कंपनीने आणि रिलायन्सने जाहीर केलं की अख्खं फाल्कन 2000 तिथे बनवणार, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच. 2028 पर्यंत पहिलं विमान उडवायचं ठरलंय. घोषणा ही घोषणाच असते, त्यावर बाग गहाण टाकू नका. पण भुसावळहून गाडीत बसलं की नागपूर, एवढ्या अंतरावर खासगी जेट बनणार असेल तर पोऱ्याच्या कानावर ते जायला हवं.

आणि पायलट? दार बंद करू नका. आधी क्लास टू मेडिकल करून घ्या, काही हजारांत होतं, डोळ्यांचं आणि रंग ओळखण्याचं तिथेच समजतं. व्यावसायिक लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. एवढं करूनही हाती जेट येत नाही. खासगी जेटवाले अनुभवी माणूस मागतात, आणि लायसन्स घेऊन घरी बसलेली मुलं मी पाहिलीत. एखाद्या रविवारी त्याला यावल, चोपड्यामार्गे शिरपूरला घेऊन जा. तिथे धावपट्टीवर मुलं शिकताना दिसतील. तो विमानाकडे बघतो की विमान उघडून बसलेल्या मेकॅनिककडे, तेवढं तुम्ही बघा.

शेवटी त्याच्यासाठी एक गणित. समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानात, पूर्ण भरलेल्या जी-550 ला उडायला साधारण 1,800 मीटर धावपट्टी लागते. जळगावची धावपट्टी दोन किलोमीटर भरत नाही. मे महिन्यात, दुपारी पारा 45 ला असताना, ते तिथून न्यूयॉर्कला निघेल का? नसेल तर काय काय कमी करावं लागेल? उत्तर त्याच वहीत लिहून फोटो पाठवू दे. चुकलं तरी खाडाखोड न पुसता.