भुंगा की भुंगेरा?

गाजरगवत खाणाऱ्या किड्याला सगळीकडे मेक्सिकन भुंगेरा लिहितात, तो भुंगाच ना, मग भुंगेरा कशाला, असा प्रश्न आलाय.

माझ्या मते दोन्ही शब्द वेगळे ठेवायला हवेत. भुंगा म्हणजे संस्कृतातला भृंग, लाकडात भोक पाडून राहणारा, गुं गुं करत फुलांवर येणारा मोठा काळा, आणि तो खरं तर मधमाशीच्या गोतावळ्यातला, त्याचे चारही पंख पातळ. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख मात्र टणक असतात, उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले. त्याच्या गणाचं नावच कोलिऑप्टेरा, ग्रीकमध्ये कोलिऑस म्हणजे म्यान, टेरॉन म्हणजे पंख. बोलताना लोक दोघांनाही भुंगा म्हणतात हे खरंय, पण लिहिताना एवढा छान शब्द हाताशी असताना तो का सोडायचा?

तुमच्या किड्याचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलोराटा, कुळ क्रायसोमेलिडी, म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं. बायकलोराटा म्हणजे दुरंगी, मळकट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी रेघा दिसतात ना, म्हणून. गाजरगवताचा बंदोबस्त करायला तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला आणि 1984 मध्ये सोडला.

आता खरी गंमत. भुंगेरा हे जसं एका गटाचं नाव आहे तसं ते एका अवस्थेचंही आहे. शेतकरी मातीतल्या अळीला हुमणी म्हणतात आणि तीच पंख फुटून कडुनिंबावर बसली की म्हणतात हुमणीचे भुंगेरे निघाले! इथेही तसंच, मादी बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, चार-सहा दिवसांत अळी निघते, ती कोवळी पानं खात कात टाकत वाढते आणि मग मातीत शिरून कोष होते. हा कोष शब्द जरा फसवा आहे, कारण तो म्हटला की रेशमाचं वेष्टण डोळ्यासमोर येतं, इथे धागाबिगा काही नाही, मातीतल्या पोकळीत नुसता उघडा जीव असतो, म्हणून मी तरी कोषावस्था लिहिते. त्यातून बाहेर पडतो तो भुंगेरा, तोही पानंच खातो, आणि थंडी-उन्हाळा मातीत निपचित काढून पावसाळ्यात परत वर येतो.

आणि हो, सामान्यरूप भुंगेऱ्या, म्हणजे भुंगेऱ्यांनी पानं खाल्ली असं लिहा, भुंगेरांनी नको.