आडनाव एकच, पण काम तिचं

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खगोलशास्त्रात वापरतात अशा एका ओपन सोर्स लायब्ररीत (सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडच्या संचात) तिने केलेली दुरुस्ती मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली गेली, आणि संशोधनाचं साहित्य जपणाऱ्या झेनोडो या साइटवरच्या नोंदीत लेखकांमध्ये तिचं नाव आलं. मोठ्या मुलाला यंदा जर्मनीत एमएसला जायचंय, पण प्रोफाइल कमी पडतंय. कन्सल्टंट म्हणतात, बहिणीच्या कामात ‘को-ऑथर्ड-बाय’ (सहलेखक) लिहून भावाचं नाव जोडा, जमलं तर जुन्या कामातही. ह्यांचं म्हणणं, आडनाव एकच आहे, नाव घरातच राहील; तिला अजून वेळ आहे, शिवाय तिचं आडनाव उद्या बदलणारच. ती ऐकत नाही. दादाशी बोलणंही टाकलंय. तिला समजावाल का? – एक आई

उत्तर : ताई, नाही समजावणार. ती बरोबर आहे.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात मुलाचे बॅकलॉग आहेत, आयईएलटीएसचा स्कोअर आहे, कन्सल्टंटची फी आहे. मुलीने नेमकं काय दुरुस्त केलं, याची एक ओळ नाही. तिला कुणी विचारलंय का? अशा लायब्ररीत दुरुस्ती सहजासहजी जात नाही. चूक शोधायची, ती पुन्हा घडवून दाखवायची, कोड लिहायचा, त्याची टेस्ट लिहायची. मग जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, आपल्याला न ओळखणारा मेंटेनर, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणारा, ‘हे असंच का?’ म्हणून विचारतो. त्याला सगळ्यांदेखत इंग्रजीत उत्तर द्यायचं, पुन्हा बदल करायचे. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने हे निभावलं आणि घरात पहिला प्रश्न आला तो यात दादाला कसं बसवायचं हा. तिने बोलणं टाकलं याचं मला नवल वाटत नाही.

‘तिला अजून वेळ आहे’ हे तर जुनंच वाक्य. पूर्वी मुलाच्या डोनेशनसाठी मुलीची फी थांबायची, तेव्हाही हेच म्हणत. आणि आडनावाचं तुमच्या ह्यांनी एकदा ठरवावं. आज एकच म्हणून नाव दादाला द्यायचं, आणि उद्या बदलणार म्हणून तिला त्याची गरज नाही? तिने आजच संशोधकांसाठी असतो तो ऑर्किड (ORCID) आयडी काढावा. फुकट मिळतो. सोळा आकडी ओळखक्रमांक असतो, नाव-आडनाव काहीही झालं तरी तो बदलत नाही आणि काम त्याला जोडलेलं राहतं.

आता कन्सल्टंटने करून दिलेला गैरसमज. नाव काय, टाइप केलं की झालं, असं त्यांना वाटतं. अर्धं खरं आहे. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लेखकाचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो; ते खरं की खोटं हे गिट तपासत नाही. पण एकदा कमिट (बदलाची पक्की नोंद) झालं की लेखकाचं नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा क्रमांक या सगळ्यांवरून त्याचा हॅश, म्हणजे ओळखीचा क्रमांक, ठरतो. जुन्या कमिटमधलं नाव बदललं की त्याचा हॅश बदलतो, आणि मग त्याच्यावर रचलेल्या पुढच्या प्रत्येक कमिटचाही. जगभर लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती त्याच्याशी जुळेनाशा होतात. तुमच्या मुलाच्या व्हिसासाठी हे कुठलाही मेंटेनर करणार नाही. राहिलं पुढचं काम. ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ दोघांनी मिळून कोड लिहिला तर घालायची असते. ज्याने नुसती चूक कळवली, तपासून पाहिलं किंवा वाचून सूचना केल्या, त्यांच्यासाठी लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ अशा वेगळ्या ओळी आहेत. कुणी काय केलं याबाबत ही मंडळी इतकी काटेकोर असतात. बहिणीचा भाऊ असणं यासाठी ओळ नाही.

शिवाय हे सगळं उघड्यावर असतं. मुलाखतीत कुणी तो दुवा उघडून ‘ही टेस्ट का बदललीत?’ एवढंच विचारलं, तर चिरंजीव काय सांगणार?

अशी उसनी नावं आपल्याकडे नवी नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या ऑनलाइन उपक्रमाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा) पूर आला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाठीच्या लायब्ररीच्या रीडमी (माहितीच्या) फाइलमध्ये नुसतं स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्ट रांगेने आल्या. हिंदी व्हिडिओ पाहून सराव करणारी पोरं होती ती. त्याची किंमत खरं काम करणारी मुलं मोजतात. भारतीय नाव दिसलं की एखादा मेंटेनर आधी सावध होतो.

मुलीलाही एक खरं सांगते. झेनोडोवर नाव येणं म्हणजे पेपर छापून येणं नव्हे. प्रकल्पाने वेगळी यादी दिली नसेल, तर झेनोडो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या योगदानकर्त्यांची नावं थेट उचलतं. त्यात स्पेलिंग सुधारणाराही असतो. म्हणून सीव्हीत ‘आंतरराष्ट्रीय प्रकाशन’ असलं काही लिहू नये. आपल्या पुल रिक्वेस्टचा दुवा द्यावा आणि काय बिघडलं होतं, काय केलं, हे दोन ओळींत लिहावं. प्रकल्पात ‘सायटेशन’ फाइल (त्याचा संदर्भ कसा द्यायचा हे सांगणारी) असेल तर तिच्यात नाव घालायचे निकष काय, हे मेंटेनरला नम्रपणे विचारावं. तो ‘इतक्यात नाही’ म्हणाला तर राग मानू नये. आणि हे पत्र तिचं तिने लिहावं.

मुलाचं म्हणाल तर एपीएस प्रमाणपत्र (इथली कागदपत्रं तपासून जर्मन यंत्रणा देते ते), भाषेचा स्कोअर, विषय आणि क्रेडिट जुळणं हा रस्ता ठरलेला आहे. ते जुळत नसेल तर उसन्या नावाने जुळणार नाही. मुळात त्याला जायचंय का? चार पानांत त्याचं स्वतःचं एक वाक्य सापडलं नाही. जायचं असेल तर एक वर्ष थांबू दे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स प्रकल्पात काम बघू दे, मोझिलाच्या पाँटून या भाषांतराच्या साइटवर फायरफॉक्सचं मराठी भाषांतर करू दे. तिथे त्याचं नाव त्याच्याच कामाने लागेल.

त्या कन्सल्टंटला एवढंच सांगा, की तुमचा सल्ला लेटरहेडवर सहीनिशी द्या. देणार नाहीत. मग उरलेला हप्ता भरू नका.