कॅलेंडरवरचे कोरे महिने

"मॅडम, माझंच काही चुकलं का?" सारखं आजारी पडणाऱ्या पोरांच्या आया समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच.

तासगावकडची एक आई. (ओळख बदलली आहे.) मुलगा तीन वर्षांचा. वर्षात दोनदा न्यूमोनिया, कान तर कायम वाहता. मिरजेत रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला: शरीर अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवतच नाही. बिघाड एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात, आईकडून आलेला. सासूबाईंना एवढं पुरलं. "आमच्यात असलं कुणाला नव्हतं." आणि हिचा सख्खा भाऊ लहानपणीच छातीच्या दुखण्यानं गेलेला.

पहिले दोन-तीन वेळा ती नुसती रडली. 'असं वाटून घेऊ नका' हे मी कुणालाच म्हणत नाही. त्यानं माणूस गप्प होतो, वाटणं थांबत नाही.

चौथ्यांदा तिनं पिशवीतून जुनी कॅलेंडरं काढली. ताप आला की तारखेला लाल गोल.

"हे पहिले सहा महिने कोरे कसे?"

"तवा ठणठणीत होता की."

"अँटिबॉडीज तर तेव्हाही बनत नव्हत्या. मग कुणाच्या होत्या?"

तिचं बोट त्या कोऱ्या पानावर बराच वेळ तसंच राहिलं. मग हळूच, "माझ्या?"

नाळेतून बाळाला मिळालेल्या आईच्या अँटिबॉडीज साधारण तेवढेच महिने पुरतात. डॉक्टरांनी हे सांगितलं होतंच; पण त्यात आपणही आहोत, हे तिला ऐकूच गेलं नव्हतं. समजावून सांगण्यापेक्षा माणसाच्या हातातलंच त्याला दाखवावं, यावर माझा पहिल्यापासून विश्वास. तो प्रश्न मला वेळेवर सुचला, याचं अजून बरं वाटतं.

सासूबाईंनाही बोलावलं. असं जनुक असलेल्या आईच्या प्रत्येक मुलग्याला धोका पन्नास टक्के. आपल्या दोन एक्सपैकी कुठलं गुणसूत्र द्यायचं हे आई ठरवत नाही. त्या पूर्ण पटल्या नाहीत. पण दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज) चढवायला नातवाला आता त्या स्वतःच घेऊन जातात.

बाकी आयांनी लगेच घाबरू नये. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. न्यूमोनिया पुन्हा झाला, कान फुटायचा थांबेना, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी विचारा. निदान झालेलं असेल तर पोलिओ रविवारी बूथवर जायच्या आधीही विचारा. तो तोंडावाटे द्यायचा, जिवंत विषाणू असलेला डोस अशा मुलांना देत नाहीत.

परवा तिचा फोन आला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, तिची तपासणी करायची आहे. "पण मॅडम, पाव्हण्यांना सांगायचं का?"

"बहिणीला घेऊन या," म्हटलं.