शुक्रवार पेठेतल्या माळ्यावर सापडलेलं काळं, चाव्यांचं वाद्य सनई आहे का? फोटो पाठवलाय.

सनई नाही, क्लॅरिनेट आहे. बँडवाले ‘क्लारनेट’ म्हणतात तेच.

सनईची नळी वरून खाली रुंदावत जाते आणि तोंडाशी दुहेरी पत्ती (फुंकल्यावर थरथरणारा पातळ तुकडा) असते. तुमच्या फोटोत मधली नळी सरळ आहे, रुंदावते फक्त तळाशी, आणि मुखाडाला एकच पत्ती बांधायची जागा दिसतेय. वाजवून बघितलं तर लगेच कळतं: जोरात फुंकल्यावर सनई सा वरून तार सा वर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वर जाते, हे मात्र मागची अंगठ्याची चावी दाबली की थेट तार पंचमावर उडी मारतं.

चाव्या मोजा. 13च्या आसपास भरल्या तर ती चाव्यांच्या मांडणीची जुनी साधी पद्धत. आजच्या बोएम पद्धतीच्या क्लॅरिनेटला सहसा 17 असतात. नळीवर इंग्रजीत ‘एचपी’ (हाय पिच) असा शिक्का असेल तर स्वर चढा आहे, आजच्या पेटीशी जुळणार नाही. मग शोभेलाच ठेवा.

आणि एक, लगेच तासभर फुंकत बसू नका राव. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड आतून ओलं झालं की तडकतं. पहिले काही दिवस पाच-पाच मिनिटंच वाजवा आणि दरवेळी वाजवून झालं की आतून फडकं फिरवा.