साखर समोर, जनुक जागेवर, तरी यीस्ट उपाशी

प्रश्न : आमची साखर पेठेत बेकरी आहे आणि मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले, ग्लुकोज भरपूर असलं की यीस्ट साखर फोडण्याचं जनुक बंद ठेवतं, ग्लुकोज कमी झालं की उघडतं. डीएनए तर तोच राहतो. मग ‘उघडतं’ म्हणजे काय होतं?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : या शब्दापाशी थांबलीस, फार बरं वाटलं. एमएस्सीला असताना मीही इथंच अडले होते. आमच्या बाईंनी मला दोन प्लेटा दाखवल्या, दोन्ही हवाबंद डब्यात वाढवलेल्या. ग्लुकोजच्या प्लेटवर नेहमीचं यीस्ट आणि एक उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेलं यीस्ट, दोघांचे पांढरे ठिपके सारखेच. साखरेच्या प्लेटवर मात्र उत्परिवर्तिताची जागा जवळजवळ कोरी. साखर फोडणारं एन्झाइम म्हणजे इन्व्हर्टेज. त्याचं एसयूसी-२ हे जनुक त्या यीस्टमध्ये धडधाकट होतं! बिघाड होता दुसऱ्याच जनुकात, एसएनएफ-२ मध्ये.

आता आपल्या सोलापूरचं उदाहरण घे. माझी आजी मागासाठी कांड्या भरायची. सूत तुटलं की त्याचं टोक वेढ्यांत दडून बसायचं. आजी अंगठ्यानं वेढे हलके सरकवून ते बाहेर काढायची. यीस्टचा डीएनए सरळ केला तर सुमारे चार मिलिमीटर भरतो. तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, दर आठ हिस्टोनांच्या गठ्ठ्यावर सुमारे 147 बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), पावणेदोन वेढ्यांच्या आत. हा झाला न्यूक्लिओसोम. जनुकाच्या सुरुवातीलाच तो बसला असेल, तर वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनांना जागा मिळत नाही. कांडीशी तुलना इथवरच, कारण पेशीत एका कांडीवर नाही, हजारो गठ्ठ्यांवर सूत आहे, आणि गठ्ठाच सरकवता किंवा उचलून बाजूला काढता येतो.

ते काम एसएनएफ-२ पासून बनणारं प्रथिन करतं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून. एकटं नाही, बऱ्याच प्रथिनांच्या जुडग्यात. गंमत बघ : 1984 मध्ये लेनोर नीगेबॉर्न आणि मॅरियन कार्लसन साखरेवर न वाढणारं यीस्ट शोधत होत्या, आणि इरा हर्सकोविट्झ यांचा गट यीस्ट आपला लैंगिक प्रकार कसा बदलतं ते पाहत होता. दोन्हीकडून जनुकांना वेगवेगळी नावं पडली. पुढे कळलं की एसएनएफ-२ आणि एसडब्ल्यूआय-२ हे एकच जनुक! म्हणून दोन्ही नावं जोडून (एसडब्ल्यूआय ते ‘स्विच’, एसएनएफ ते ‘स्निफ’) त्या जुडग्याचं नाव ‘स्विच-स्निफ’. सगळ्याच जनुकांना त्याची इतकी गरज पडत नाही, हेही लक्षात ठेव. आणि ग्लुकोज असताना मिग-१ सारखी दडपणारी प्रथिनं एसयूसी-२ वर बसलेली असतात, ती आधी दूर व्हावी लागतात.

पण वेढेच आड येतात, हे कशावरून? मला सगळ्यात आवडतो तो पुरावा 1992 चा, फ्रेड विन्स्टन यांच्या गटाचा. स्विच-स्निफ बिघडलेल्या यीस्टमधून त्यांनी हिस्टोनांच्या जनुकांची एक जोडी काढून टाकली, म्हणजे काही हिस्टोन कमी पडू लागले. सरकवणारं यंत्र बिघडलेलंच होतं, तरी एसयूसी-२ पुन्हा बऱ्यापैकी वाचलं जाऊ लागलं.