चार-पाच बचत खाती आहेत, हिशोब कसा ठेवावा?

आधी खाती कमी करा. जुन्या नोकरीतलं पगाराचं खातं पगार थांबला की बहुतेक बँकांमध्ये साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत त्यात किमान शिल्लक ठेवावी लागते. ते नको असेल तर बंदच करा, पण त्याआधी त्यातून जाणारे एसआयपी (म्युच्युअल फंडाचे नियमित हप्ते), विम्याचा हप्ता, वीजबिल दुसरीकडे वळवा.

उरलेल्या खात्यांसाठी एक वही किंवा एक्सेल शीट पुरते: बँक-शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, जोडलेला मोबाइल, नॉमिनी (तुमच्या पश्चात बँकेने रक्कम कोणाकडे द्यायची ती नोंदवलेली व्यक्ती) कोण, खातं कशासाठी. पासवर्ड आणि पिन त्यात अजिबात नको. ही वही कुठे आहे ते घरात एकाला तरी माहीत हवंच. माणूस गेल्यावर कुटुंबाची जी धावपळ होते, ती यामुळे खूप वाचते. नॉमिनीचा रकाना रिकामा दिसला तर याच आठवड्यात नोंदणी करा.

दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. नुसतं व्याज जमा होणं व्यवहारात धरत नाहीत. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, बँकेकडे अर्ज करून परत मिळते. अशी विसरलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतात.

बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा एका बँकेत सगळ्या शाखा मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, पतसंस्थेला तोही नाही. आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना सगळ्या खात्यांचं व्याज दाखवा. एआयएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) ते बहुधा दिसतंच.