पडद्यापलीकडच्या शाळेला विचारायचे काय?

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि तंत्रज्ञान

प्रश्न : मी कळव्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. देणगीतून शाळेला मोठा पडदा, कॅमेरा आणि इंटरनेटची जोडणी मिळाली आहे. गेल्या सत्रात आम्ही व्हिडिओ कॉन्फरन्सवरून बाहेरच्या तज्ज्ञांची व्याख्याने ठेवली. पहिली दहा मिनिटे मुले कुतूहलाने पाहतात, मग चुळबुळ सुरू होते आणि शेवटी “कोणाला काही शंका?” असे विचारल्यावर एकही हात वर होत नाही. मुख्याध्यापकांना मात्र असे कार्यक्रम वाढवायचे आहेत. काय करावे?
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : व्याख्याने वाढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वक्ता कितीही जाणकार असला तरी पडद्यावर तो तासभर एकटाच बोलणार असेल, तर त्याचे भाषण ध्वनिमुद्रित करून दाखवले काय आणि थेट ऐकवले काय, मुलांच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. उलट ध्वनिमुद्रण मध्येच थांबवून फळ्यावर समजावून तरी सांगता येते. १९७५-७६ साली ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले, पण खेड्यातल्या मुलाला पडद्यावरच्या माणसाला उलट काही विचारता येत नव्हते. आज ती सोय हाताशी आहे आणि आपण पुन्हा मुलांना नुसते ऐकत बसवतो, हे मला खटकते.

म्हणून आधी एवढेच ठरवावे की, पलीकडच्या माणसांकडे असे काय आहे जे आपल्या वर्गात नाही आणि जे त्याच क्षणी पाहणे आवश्यक आहे? आपण भूगोल शिकवता, म्हणून स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हाच पाठ घेऊ. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि एका अंशाला चार मिनिटे हा हिशेब मुले पाठ करतात. हाच हिशेब त्यांना अंगणात मोजता येईल. ठाणे सुमारे ७३° पूर्व रेखांशावर आहे आणि दिल्ली ७७° च्या किंचित पुढे. दिल्लीतील एखाद्या शाळेशी संधान बांधावे. पहाडगंजला मराठी माणसांनी चालवलेली जुनी शाळा आहे, तिथे किंवा अन्यत्र विचारणा करता येईल. फेब्रुवारीच्या मध्यावर दोन्हीकडे आकाश बहुधा निरभ्र असते, तेव्हाचा एक दिवस ठरवावा.

दोन्ही शाळांनी मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी, होकायंत्राने दिशा पाहून तिच्या बुंध्यापासून उत्तरेकडे खडूची रेषा आखावी आणि साडेबारापासून मोबाइलचा कॅमेरा त्या रेषेवर रोखून ठेवावा. दिल्लीतील सावली साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी रेषेवर येईल. त्या क्षणी आपली सावली रेषेच्या पश्चिमेला आठ-नऊ सेंटीमीटर मागे असेल. दोन्ही घड्याळे तंतोतंत सारखी, सूर्य एकच, आणि तरी दिल्लीत माध्यान्ह झाली असताना ठाण्यात व्हायची आहे, हे मुलांना दोन काठ्यांकडे एकाच वेळी पाहताना दिसते. आपली सावली रेषेवर यायला आणखी सुमारे सतरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ मुले उन्हात घड्याळाकडे डोळे लावून थांबतात आणि पलीकडच्या मुलांना दर मिनिटाला आकडे सांगतात. संवाद घडवून आणण्यासाठी तुम्हाला वेगळे काही करावे लागत नाही.

नववीच्या मुलांना यातून पुढेही नेता येईल. त्या दिवशी माध्यान्हीची सावली ठाण्यात ६२ सेंटीमीटरच्या आसपास, तर दिल्लीत ८८ च्या आसपास भरते. कागदावर काठी आणि सावली यांचा प्रमाणात त्रिकोण काढून काठीच्या टोकाशी होणारे कोन कोनमापकाने मोजले की त्यांत साडेनऊ अंशांच्या आतबाहेर फरक निघतो. दोन शहरांमधील केवळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशाच्या प्रमाणावरून काढले, तर ते सुमारे १०५० किलोमीटर येते. मग एवढ्या अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती, असे त्रैराशिक मांडून पृथ्वीचा परिघ काढता येतो, आणि तो ४० हजार किलोमीटरच्या जवळपास यायला हवा. सावली मोजताना एक सेंटीमीटरची चूक झाली तरी परिघात दीड-दोन हजार किलोमीटरचा फरक पडतो. आपला आकडा दिल्लीपेक्षा वेगळा का आला, यावर दोन वर्गांत जो वाद होईल तो मिटवण्याची घाई आपण करू नये. तज्ज्ञाला बोलवायचे असेल तर ते आता, या वादानंतर, आणि वीस मिनिटांसाठी. मुलांकडे तेव्हा स्वतःचे प्रश्न असतील.

प्रश्न : आमची शाळा ऐरोलीला आहे. संस्थाचालकांची इच्छा आहे की मुलांचा संवाद परदेशातील शाळेशी घडवावा. हे कसे जमवावे?
— एक मुख्याध्यापक, ऐरोली

उत्तर : प्रथम घड्याळ पाहावे. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिकडे सकाळी नऊला शाळा भरते तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि सकाळच्या सत्राची मुले घरी जेवून झोपलेली असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी बोलायचे तर मुलांना सायंकाळी उशिरा शाळेत बोलवावे लागेल. जपान साडेतीन तास पुढे असल्याने सकाळच्या सत्राला ते त्यातल्या त्यात सोयीचे, पण भाषेचा प्रश्न तिथे दुहेरी होतो. हे सारे जमले तरी पहिल्या भेटीत “तुमचा आवडता खेळ कोणता?” यापलीकडे गाडी सहसा जात नाही. छायाचित्र मात्र चांगले येते, आणि वार्षिक अहवालाला तेवढे पुरते.

आपल्या शाळेपासून ठाणे खाडी हाकेच्या अंतरावर आहे, हे संस्थाचालकांना जरूर सुचवावे. खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणजे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील जलाशय. निफाड तालुक्यातील एखादी जिल्हा परिषदेची शाळा जोडीदार म्हणून मिळाली, तर दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांना दाखवण्याजोगे इतके आहे की वर्ष अपुरे पडेल. आपल्याकडचे पाणी खारे आणि दिवसातून दोनदा चढते-उतरते, भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. त्यांच्याकडचे पाणी गोडे आणि ते वाढते पावसाने किंवा वरच्या धरणांतून सोडलेल्या विसर्गाने. आपल्या मुलांनी तिवराच्या पानावर साचलेले मिठाचे बारीक कण भिंगाखाली धरून कॅमेऱ्यासमोर दाखवावेत, चिखलातून वर आलेली श्वासमुळे दाखवावीत, चिखलातले निवट्या मासे कसे उड्या मारतात ते चित्रित करून पाठवावे. त्यांनी थंडीत उतरलेली बदके, काठावरचा ऊस आणि नदी चढली की गावात काय होते ते सांगावे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातील मंडळींची मदत पूर्वतयारीसाठी घेता येईल.

भाषेची अडचण नाही, वेळेची नाही, आणि सत्राच्या अखेरीस दोन्ही वर्ग एसटीने एकमेकांकडे जाऊन येऊ शकतात, ही सोय परदेशातील शाळेबाबत कुठून आणणार? त्यानंतरही परदेशाशी जोडायचे असेल तर अवश्य जोडावे. खाडीकाठचीच एखादी शाळा शोधावी, म्हणजे बोलायला विषय राहील.

प्रश्न : आमच्या वर्गात समोरच्यांचे बोलणे घुमते आणि आमच्या मुलांचे त्यांना ऐकू जात नाही. अधिक महाग कॅमेरा घ्यावा का?
— तंत्रस्नेही शिक्षक, घणसोली

उत्तर : कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. चित्र थोडे अंधूक असले तरी मुले चालवून घेतात, पण आवाज तुटला की पाच मिनिटांत लक्ष उडते, म्हणून पैसे आवाजावर खर्च करावेत. फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि पत्र्याची कपाटे यांवरून आवाज परततो. मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा सतरंजी टांगली आणि खिडक्या लावून घेतल्या तरी बराच फरक पडतो. खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू असावा. कोणा सरांच्या मोबाइलवरही तोच कॉल चालू राहिला, तर कानठळ्या बसवणारी शीळ घुमते. मुलांनी जागेवरून ओरडू नये. पुढे एक खुर्ची आणि माइक ठेवून बोलणाऱ्याने तिथे यावे. आपल्याकडे कोणी बोलत नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा. पंखे शक्यतो मंद ठेवावेत, एप्रिलमध्ये ते जमणार नाही हे मान्य आहे.

जोडणी वायफायऐवजी केबलने घ्यावी आणि वेग तपासताना अपलोडचा आकडा पाहावा, कारण आपले चित्र त्यावरच बाहेर जाते. तो तीन-चार एमबीपीएस स्थिर मिळाला तरी एका वर्गाला पुरतो. झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांत बंद होते, तासिका तेवढीच असते, म्हणून आधीची जुळवाजुळव त्याच बैठकीत करू नये. आदल्या दिवशी त्याच खोलीतून, त्याच वेळी एकदा चाचणी घ्यावी.

प्रश्न : मुलीच्या शाळेत असे वर्ग होतात आणि त्यांचे चित्रीकरण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येते. हे योग्य आहे का?
— एक पालक, खारघर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो, आणि मुलाचा चेहरा, आवाज व नाव ही वैयक्तिक माहितीच आहे. शाळेने थेट संवादाची संमती आणि चित्रीकरणाची संमती वेगवेगळी घ्यावी, कारण पहिलीला होकार देणारे अनेक पालक दुसरीला नकार देतील आणि तो त्यांचा अधिकार आहे. पडद्यावर मुलांची पूर्ण नावे दिसू देऊ नयेत, कॉलची लिंक गटांवर फिरवू नये, आणि चित्रीकरण केलेच तर ते कोणाकडे, किती दिवस राहील हे लेखी कळवावे. आपण मुख्याध्यापकांना या मुद्द्यांचे पत्र द्यावे, आणि नकार देणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर न काढता कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या बाकांवर बसवावे, हेही त्यात आवर्जून लिहावे.